सगळ्यात मोठा कॅम

ब्रेकमावशींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या थांबवल्या.

गाडी शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. मावशींचा उजवा पाय त्या ब्रेकवर म्हातारा झाला. खरं तर पाय सोडून बाकीच्या मावशी म्हाताऱ्या झाल्या. पाय अजून पैलवानाचा होता. विद्यार्थी तोंडावर त्यांना मॅडम म्हणत आणि गल्ली ओलांडली की ब्रेकमावशी. मावशींना हे ठाऊक होतं. नाव वाईट नाही, असं त्यांचं मत होतं. क्लचमावशी म्हटलं असतं तर त्यांनी एकेकाच्या कानाखाली जाळ काढला असता.

इतकी वर्षं गाडीत काढूनही मावशींनी गाडी अशी चालवलीच नव्हती. सकाळी पहिला विद्यार्थी दारात हजर व्हायचा आणि संध्याकाळी शेवटचा त्यांना दारात सोडायचा. चाक कायम दुसऱ्याच्या हातात. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, फार तर तिसऱ्या. तोंडात एकच शब्द, हळू. काका, म्हणजे मावशींचे यजमान, निवृत्त शिंपी होते. ते म्हणायचे, "ही झोपेत कूस बदलायची झाली तरी आधी हळू म्हणते."

शाळा बंद करायची ठरली तेव्हा मावशींनी दोन्ही शिकाऊ गाड्या भंगारवाल्याला दिल्या. बदल्यात त्याच्या आवारातल्या कोपऱ्यात पडलेली एक मसल कार उचलून आणली. जुन्या जमान्यातली, दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. रंग कुठला होता यावर दोघांचं एकमत नव्हतं. इंजिन जाम होतं. मागच्या सीटवर एक कुत्री बाळंत होऊन गेली होती.

"दोन गुणी पोरी दिल्यास आणि मेलेला रेडा आणलास," काका म्हणाले.

"मेलेला नाही. झोपलाय."

"मग उठवू नकोस. माझं ऐक."

मावशींनी उठवायला घेतला.

गाडी अंगणातल्या शेडमध्ये उभी राहिली. इंजिन वर्गात आलं. वर्ग म्हणजे घराला लागून असलेली लांबट खोली. इथे त्या रस्त्याच्या खुणा शिकवायच्या. भिंतींवर तक्ते तसेच होते. पुढे वळण. अरुंद पूल. वेग कमी करा. या सगळ्या उपदेशाखाली लोखंडी स्टँडवर ते इंजिन टांगलं होतं, काळंकुट्ट आणि तेलकट. बाकं भिंतीला सरकवली होती. पहिल्या बाकावर पिस्टन ओळीत मांडले होते. शेवटच्या बाकावर, जिथे वर्षानुवर्षं टगे बसत, तिथे मावशींनी वाकडे झालेले सगळे भाग ठेवले होते.

घाई होती. ती डोळ्यांच्या डॉक्टरने लावली होती.

लायसन्स वर्षअखेरीस संपत होतं. पुढच्यासाठी वयामुळे डॉक्टरची सही लागणार होती. डॉक्टरने मावशींना एका यंत्रासमोर बसवलं, ठिपके दाखवले, बटण दाबायला सांगितलं आणि मग बराच वेळ कागदाकडे बघत बसला.

"समोरचं उत्तम दिसतंय," तो म्हणाला. "कडेचं कमी होत चाललंय."

"कडेचं मला तसंही बघायचं नसतं."

"कडेनंच माणसं येतात, मॅडम."

"ते तू मला सांगू नकोस. ते वाक्य माझं आहे."

"या वर्षी चालवा. उजेडात, मोकळ्या रस्त्यावर. पुढच्या वेळी सही मागायला येऊ नका. मी देणार नाही."

मावशी घरी आल्या आणि काकांना म्हणाल्या, "तो डॉक्टर लहान आहे." रात्री काकांनी मावशींच्या ताटाशेजारचा दिवा जरा कडेला सरकवून पाहिला. मावशींचा हात दिव्याला लागला. काकांनी दिवा परत जागेवर ठेवला.

तेव्हा हिशोब सरळ होता. वर्ष संपायच्या आत इंजिन चालू व्हायला हवं आणि चाक मावशींच्या हातात यायला हवं. नंतर गाडी कितीही देखणी झाली तरी त्यांची जागा शेजारच्या सीटवर. त्या सीटवर त्या पुष्कळ बसल्या होत्या.

इंजिनाचं काम लेथवाल्याकडे गेलं. दुसरा पर्यायच नव्हता. आठ सिलिंडरचा ब्लॉक धरेल असं बोअरिंगचं मशीन गावात त्याच्याकडेच होतं. त्याचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड. तिथे सगळं चकाकायचं, एक त्याची खुर्ची सोडून. त्याच्या हाताखालून शेकडो गाड्यांची इंजिनं गेली होती. स्वतः मात्र तो बायकोच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर डबा धरून दुकानात यायचा. कारण तो मावशींचा विद्यार्थी होता आणि मावशींनी त्याला परीक्षेलाच बसू दिलं नव्हतं.

मावशींची एक थाप होती. गाडी चालत असताना त्या अचानक डॅशबोर्डवर हात आपटायच्या. थाप पडली की गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. एक पाऊलही पुढे नाही. लेथवाला प्रत्येक वेळी आधी दचकायचा, मग मावशींकडे बघायचा, मग ब्रेक शोधायचा. तोवर मावशींच्या पायाने काम केलेलं असायचं. "तू घरीच बस," मावशींनी शेवटी निकाल दिला होता. तो अजून त्यांना मॅडम म्हणायचा आणि त्यांच्या हाताकडे लक्ष ठेवून बोलायचा.

ब्लॉक तपासून तो म्हणाला, "सिलिंडर झिजलेत. भोकं वाढवावी लागतील. पिस्टन मोठे लागतील."

"आण मोठे."

"सपाट डोक्याचे की फुगीर?"

"फरक काय?"

"फुगीर असले की आत जागा कमी. दाब जास्त. ताकद जास्त."

"मग फुगीर."

"पण ते कॅमवर आहे, मॅडम."

"बरं. झडपांच्या स्प्रिंगा?"

"त्याही कॅमवर."

"कार्बोरेटर?"

"तोसुद्धा."

मावशींनी हातातला पाना बाकावर आपटला. लेथवाला दचकला. "हा कॅम कोण लागून गेला?"

लेथवाल्याने इंजिनाच्या पोटातून एक लांब दांडा ओढून काढला. त्यावर ओळीने उंचवटे होते. दांडा फिरला की हे उंचवटे झडपा उचलतात, त्याने समजावलं. कुठली झडप कधी उघडणार, किती उघडणार, किती वेळ उघडी राहणार, ते सगळं या दांड्याच्या आकारावर.

"म्हणजे दारावरचा रखवालदार," काका म्हणाले. ते खिडकीशी बसून कुणाच्या तरी पँटची शिलाई उसवत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचं काम वाढलं होतं.

"सासू म्हणा, काका," लेथवाला म्हणाला. "कुणी कधी आत यायचं, कधी बाहेर पडायचं, सगळं तिच्या मर्जीवर. आधी सासू ठरवायची. मग बाकीचं घर."

ही सासू पार झिजली होती. नवी लागणार होती.

सुट्या भागांचा विक्रेता दुसऱ्या शहरात बसायचा आणि फोनवर बोलायचा. त्याने कॅटलॉग पाठवला. त्यात एकाच इंजिनासाठी कॅमची ओळ होती, लहानापासून मोठ्यापर्यंत. पहिल्यापुढे लिहिलं होतं, शांत आणि काटकसरी. मधल्यापुढे, रोजचा रस्ता आणि थोडी मजा. शेवटच्यापुढे दोनच शब्द होते. अनुभवी चालकांसाठी.

मावशींनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग फोन लावला.

"बोला, काकू."

"मॅडम."

"बोला, मॅडम. गाडी कशासाठी वापरणार?"

"चालवायला."

"तसं नाही. शर्यत की साधा रस्ता?"

"रस्ता."

"मग मधला घ्या. सगळे मधलाच घेतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे... सगळे."

"शेवटच्या नंबरपुढे काय लिहिलंय ते वाच."

तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "अनुभवी चालकांसाठी."

"तुझं वय काय?"

विक्रेत्याने वय सांगितलं.

"तू जन्मायच्या आधीपासून माझ्याकडे अनुभव आहे."

"असेल ना, मॅडम. एक विचारतो. गाडीचा ब्रेक साधा आहे की बूस्टरचा?"

"ब्रेक मला शिकवू नकोस," मावशी म्हणाल्या आणि शेवटच्या नंबरची मागणी नोंदवून फोन ठेवला.

लेथवाला जवळच उभा होता. त्यालाही मधलाच योग्य वाटत होता. तो मान खाली घालून म्हणाला, "मोठा जरा जास्तच होईल, मॅडम." पण त्याचा आवाज मावशींपर्यंत पोहोचला नाही. खरी गोष्ट अशी की एवढा मोठा कॅम त्याने आयुष्यात कधी बसवला नव्हता. गिऱ्हाइकं मागतच नसत. मधला घ्या म्हटलं की निमूट मधला घेत. तोंडाला त्याच्याही पाणी सुटलं होतं. त्याने पुन्हा हरकत घेतली नाही.

मग निवडानिवड भराभर झाली. सासूच दांडगी आली, तेव्हा घरही तसंच लागलं. फुगीर पिस्टन आले. कडक स्प्रिंगा आल्या. झडपांचे दट्टे नवे आले, कारण प्रत्येक दट्टा आपल्या उंचवट्यावर घासून त्याच्याशी जुळतो आणि मग दुसऱ्याशी त्याचं पटत नाही. मावशी प्रत्येक खोका स्वतः उघडायच्या. भाग उजेडात धरायच्या, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, जिथे दिसायचं तिथे. पिस्टन रिंगची फट लेथवाला पत्तीने मोजायचा. मावशी म्हणायच्या, "परत मोज." तो परत मोजायचा. तेवढंच भरायचं. "परत." एकदा तो वैतागून म्हणाला, "मॅडम, रिंग आहे ही. लाजून बदलणार नाही."

वर्षाचा शेवट जवळ आला तेव्हा इंजिन गाडीत बसलं.

लेथवाल्याने बजावलं, "चालू झालं की लगेच शांत होऊ द्यायचं नाही. अॅक्सिलरेटर दाबून धरायचा, मी हात करेपर्यंत. नवा कॅम आणि दट्टे एकमेकांना घासून बसले पाहिजेत. आत्ता सोडलं तर कॅम गेला."

मावशी चालकाच्या सीटवर बसल्या. किल्ली फिरवली.

घराच्या खिडक्या थरारल्या. शेजारच्या बाई ओला टॉवेल हातात घेऊन बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. काकांनी कानात कापूस घातला, मग त्यावर दोन्ही हात ठेवले. मावशींनी पाय दाबून धरला होता. ज्या पायाने आयुष्यभर थांबवलं त्याला आता थांबवायची मनाई होती. त्यांच्या कपाळावर घाम आला. बऱ्याच वेळाने लेथवाल्याने हात केला. मावशींनी पाय उचलला.

तेव्हा तो आवाज आला. सरळ आवाज नव्हे. धग, धग, मग काहीच नाही, मग धगधग. एखादा पैलवान जिना उतरताना दर तिसऱ्या पायरीवर विचार बदलत असावा तसा. सगळी गाडी या कुशीवरून त्या कुशीवर हलत होती. बोनेटवर ठेवलेला पाना सरकत सरकत खाली पडला. लेथवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धुरामुळे, असं तो नंतर म्हणाला.

"कसं वाटतंय?" काकांनी ओरडून विचारलं.

 मावशी हसत होत्या. काकांनी हे हसू फार वर्षांत पाहिलं नव्हतं. ते जरा घाबरले.

मावशींनी पहिला गिअर टाकला. गाडी शेडमधून दोन उड्या मारत बाहेर आली. अंगण संपत आलं. मावशींनी ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला नाही. पायाखाली जणू दगड होता.

त्यांनी जोर केला. गाडी थांबेना. माणूस चालतो त्याच वेगाने, कुठलीही घाई न करता ती फाटकाकडे गेली. काका फाटकाशी कुंडीजवळ उभे होते. ते म्हणाले, "हळू." लग्नानंतर पहिल्यांदाच हा शब्द त्यांनी मावशींना उद्देशून वापरला. गाडीने फाटकाशेजारची शाळेची पाटी गाठली. पाटीवर लिहिलं होतं, सुरक्षित वाहन प्रशिक्षण. खांब हळूच वाकला आणि पाटी बोनेटवर येऊन पडली.

इंजिन धग, धग करत राहिलं. मावशी तशाच बसल्या होत्या. दोन्ही हात चाकावर. लेथवाला धावत आला.

"ब्रेक लागत नाहीये," मावशी म्हणाल्या.

"ब्रेक नवा आहे, मॅडम. मी स्वतः..."

"गप्प. ऐक." मावशींनी पुन्हा पाय दाबला. "असा ब्रेक मला माहीत आहे. पोरं गाडी बंद पाडायची. बंद पडली की एक-दोनदा ब्रेक दाबला की तो असाच दगड व्हायचा. दिवसातून दहा वेळा. पण ही बंद नाहीये. ही चालू आहे."

"हो."

"मग ब्रेकला ती बंद का वाटतेय?"

लेथवाला बोनेट उघडून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. त्याने एक नळी काढली, तिच्या तोंडाला बोट लावलं, परत बसवली. मग त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. काळा पंजा उमटला.

गोष्ट साधी होती. इंजिन श्वास आत ओढतं. त्या ओढीवर ब्रेकचा बूस्टर चालतो, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा तो गोल डबा. मोठा कॅम दोन्ही झडपा एकाच वेळी जास्त काळ उघड्या ठेवतो. पुढचं आणि मागचं दार दोन्ही उघडी. संथ चालीत ओढ उरतच नाही. वेगात सगळं ठीक. हळू असताना ब्रेक जवळजवळ नाही.

"म्हणजे ही गाडी फक्त जोरात असताना थांबते," काका म्हणाले. "हळू असताना नाही."

"साधारण तसंच, काका."

"मग हिच्यासाठी बरोबर आहे. हीसुद्धा हल्ली सगळी उलटी वागते."

मावशी हसल्या नाहीत. "तुला माहीत होतं?" त्यांनी लेथवाल्याला विचारलं.

"आठवायला हवं होतं. मी इंजिनाचा माणूस. ब्रेककडे कधी बघतच नाही. गाडी इथून बाहेर कशी जाते ते मला कुठे माहीत असतं?"

"आणि मी ब्रेकची बाई. इंजिनाकडे कधी बघितलं नाही." मावशींनी पाटी बोनेटवरून उचलून भिंतीला टेकवली. "आता काय?"

"बूस्टर काढून साधा ब्रेक लावता येईल. त्याचे भाग पुढच्या वर्षी येतील. ओढीसाठी वेगळा पंपही मिळतो. तोही पुढच्या वर्षी."

"पुढचं वर्ष मला नाहीये."

शेजारच्या बाई अजून टॉवेल धरून उभ्या होत्या.

मावशी म्हणाल्या, "माझा पाय बघितलाय ना? जोर लावला तर थांबेल. बस शेजारी."

"मी?"

"मला थाप मारायला माणूस हवा."

लेथवाला शेजारच्या सीटवर बसला. गाडी मागच्या मोकळ्या मैदानात नेली, कशीबशी. मावशी संथ चालीत फिरू लागल्या. लेथवाल्याने हात वर केला, पण तो खाली येईना. "मार ना," मावशी ओरडल्या. त्याने थाप मारली. मावशींनी ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला. गाडी थांबली. तीन पावलं पुढे जाऊन.

"परत."

परत तीन पावलं.

"परत. जोरात मार. मनात आहे ते सगळं आठवून मार."

ही थाप फार मनापासून पडली. डॅशबोर्डला तडा गेला. गाडी दोन पावलं पुढे जाऊन थांबली. मावशींचा पाय थरथरत होता.

लेथवाला समोर बघत होता. मावशींकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

"सांग," मावशी म्हणाल्या.

"नाही, मॅडम."

"सांग म्हटलं ना."

"नापास," लेथवाला म्हणाला. मग घाईने, "थोडक्यात."

"थोडक्यात असं काही नसतं," मावशी म्हणाल्या. "हे तुला मीच सांगितलं होतं." त्यांनी किल्ली बंद केली. त्या शांततेत काकांच्या कानातून कापूस काढल्याचाही आवाज आला असता.

फोन त्यांनीच लावला. तो दुसऱ्याला लावू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"मधला," त्या म्हणाल्या.

तिकडून विक्रेता म्हणाला, "मॅडम ना? तुमचा मधला मी त्याच दिवशी वेगळा काढून ठेवलाय. दट्ट्यांसकट."

"म्हणजे तुला खात्री होती?"

"शेवटचा घेणारे सगळेच परत फोन करतात. तुम्ही बरंच थांबलात."

"वाचाळ आहेस."

"उद्या पाठवतो. मोठा परत पाठवणार?"

मावशींनी खिडकीतून गाडीकडे बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "असू दे."

लेथवाल्याने दुकानाला कुलूप लावलं आणि मावशींच्या शेडमध्ये मुक्काम ठोकला. त्याची बायको स्कूटरवरून दोन वेळचा डबा देऊन जायची आणि म्हणायची, "शिकायला आला होता तेव्हा एवढा वेळ दिला असता तर आज मला सोडायला आला असता." मोठा कॅम बाहेर निघाला. त्याचे दट्टे काकांनी आपल्या बटणांच्या कप्प्याकप्प्यांच्या डब्यात ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवले. पिस्टन फुगीरच राहिले. दाब जरा जास्त होईल म्हणून लेथवाल्याने सिलिंडरच्या झाकणाखाली जाड गॅस्केट टाकलं. मधला कॅम आत गेला.

या वेळी घासून झाल्यावर मावशींनी पाय उचलला तर इंजिन गुरगुरत बसलं. सरळ, समजूतदार आवाज. बोनेटवरचा पाना जागचा हलला नाही. लेथवाल्याने तो उगाच बोटाने ढकलून बघितला.

"एखाद्या बँक मॅनेजरसारखी वाजतेय," मावशी म्हणाल्या.

पण थाप पडली आणि गाडी जागच्या जागी थांबली.

वर्षाचे थोडे दिवस उरले होते. डॉक्टरने सांगितलं होतं तसं उजेडात, मोकळ्या रस्त्यावर. गावाबाहेर गोदामांच्या मागून एक सरळ रस्ता जायचा. तिथे मावशी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा तिसरा गिअर टाकू द्यायच्या आणि लगेच पुन्हा दुसऱ्यावर आणायच्या. शेजारी काका बसले. मागे लेथवाला. कुत्रीची सीट त्याच्या वाट्याला आली.

दुसरा झाला. तिसरा झाला. मावशींनी चौथा टाकला आणि पाय सोडला नाही.

बँक मॅनेजर कुठल्या कुठे गेला. आठही सिलिंडर एकदम जागे झाले. पाठ सीटमध्ये रुतली. गोदामं मागे पळू लागली. त्यांची दारं, खिडक्या, कुलपं एक होऊन गेली. कडेचं कुणालाच दिसत नव्हतं. त्या रस्त्यावर तिघांची नजर सारखी होती. फक्त समोर.

काकांनी डोळे मिटले होते. "काटा किती गेला?"

"डोळे उघडा आणि बघा."

"तू सांग. बघून मरण्यापेक्षा ऐकून मरतो."

मावशींनी सांगितलं. काकांनी डोळे आणखी घट्ट मिटले. मागून लेथवाला ओरडला, "मॅडम, अजून आहे तिच्यात!"

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या, आणि जे अजून होतं तेही बाहेर आलं.

त्या रोज गेल्या. काका पाचव्या दिवसापासून एक डोळा उघडू लागले. लेथवाला गॅस्केट बघायच्या निमित्ताने यायचा आणि गॅस्केट न बघता मागे बसायचा. शेवटच्या दिवशी ऊन उतरायच्या आत मावशींनी गाडी शेडमध्ये आणली. किल्ली बंद केली. इंजिन तापून टकटक करत होतं. काका उतरले, फाटक लावलं, परत आले. मावशी तिथेच होत्या.

"उतरतेस ना?"

"उतरते."

काका शेडच्या दाराशी कुंडी नीट करत बसले. ती नीटच होती. मग दार उघडल्याचा आवाज आला.

नव्या वर्षात लेथवाल्याला निरोप गेला. तो आला तेव्हा वर्गातल्या पहिल्या बाकावर तेलाच्या फडक्यात मोठा कॅम ठेवला होता. शेजारी काकांचा बटणांचा डबा.

"हा परत बसवायचाय," मावशी म्हणाल्या.

लेथवाल्याने आधी मावशींकडे बघितलं, मग काकांकडे. काकांनी कापूस आधीच कानात घातला होता.

"पण मॅडम, ब्रेक..."

"गाडी आता कुठे जाणार नाहीये. चाकं काढून ठोकळ्यांवर चढवायची आणि नुसती धगधगत ठेवायची. ब्रेक कुणाला लागतोय?"

लेथवाल्याने विचार केला. हरकतीचं एकही कारण त्याला सापडेना. सापडावं अशी त्याची इच्छाही नव्हती. त्याने रेडिएटरच्या बोल्टला पाना लावला.

मावशींनी फोन उचलला.

"मॅडम," विक्रेता म्हणाला, "आता काय झालं?"

"मोठा परत घालतेय. त्याला शोभेल असा कार्बोरेटर सांग. पहिला प्रश्न विचारायच्या आधी ऐक. रस्त्यावर नेणार नाही. थांबवायची नाही. वळवायची नाही. पेट्रोल किती खाईल ते विचारत नाही."

"मग चालवणार कोण?"

"कुणी नाही."

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दार लावल्याचा. विक्रेता हळू आवाजात बोलू लागला.

"मग माझ्याकडे एक आहे, मॅडम. कॅटलॉगमध्ये टाकलेला नाही. आतापर्यंत कुणाला द्यायची माझी छाती झाली नाही."

मावशींनी पायाने बाक ओढून जवळ घेतलं आणि बसल्या.

"बोल," त्या म्हणाल्या.